पत्नी पश्चिमेला, मित्र उत्तरेला : धम्मविवाहातील समतेचा प्रश्न

विवाह हा संस्कार आहे की करार, हा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे आणि न्यायालये, धर्मपंडित व सुधारक यांनी तो आपापल्या परीने लढवला आहे. परंतु स्त्रीच्या बाजूने पाहू लागले की त्याच्याही आधीचा एक प्रश्न समोर येतो. विवाहविधीत ती स्वतः बोलते की तिच्याविषयी इतर जण बोलतात, तिला कोणी कोणाच्या हाती सोपवते की ती स्वतः शब्द देते, आणि तिने दिलेला शब्द व तिला मिळालेला शब्द यांचे वजन सारखे असते काय, हे ठरल्याखेरीज संस्कार की करार ही चर्चा तिच्या दृष्टीने अपुरीच राहते. नागपूर शहराला या चर्चेत विशेष स्थान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी सविता आंबेडकर यांनी येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म करून घेणार नाही ही त्यांतील प्रतिज्ञा उच्चारली जाताच मुहूर्त, होम आणि कन्यादान यांना धरून चालणारा विवाहविधी त्या समाजातून मागे पडू लागला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख आहे. एवढ्या मोठ्या समूहाने आपला विवाहविधी एकदोन पिढ्यांत बदलला, ही धर्मेतिहासातील असामान्य घटना आहे. या बदलात काय टाकून दिले गेले याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या जागी जे आले ते स्त्रीला नेमके काय देते, हे तपासण्याचे काम मात्र अजून व्हायचे आहे.

जे टाकून दिले त्याचे स्वरूप आधी स्पष्ट असावे. धर्मशास्त्रात दान म्हणजे देणाऱ्याने वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडणे आणि घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण करणे होय. मनुस्मृतीने सांगितलेल्या विवाहाच्या आठ प्रकारांपैकी ब्राह्म, दैव, आर्ष आणि प्राजापत्य हे पहिले चार प्रशस्त मानले गेले आणि हे चारही प्रकार पित्याने कन्या देण्यावर आधारलेले आहेत. यातील अडचण धर्मशास्त्रालाही जाणवली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्या यज्ञात सर्वस्व द्यावयाचे असते त्यात आईवडिलांचेही दान करता येईल काय, असा प्रश्न मीमांसकांनी विचारला आणि जे आपल्या मालकीचे नाही ते देता येत नाही असा निर्णय दिला. पुढे काही निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलन आणि विवेचन करणाऱ्या ग्रंथकारांनी, हाच तर्क कन्येला लावून कन्यादानातील दान हे केवळ गौण अर्थाने दान आहे असे म्हटले. तर्क शुद्ध होता, पण त्यामुळे विधी बदलला नाही. पिता पाणी सोडत राहिला, वर स्वीकार करीत राहिला आणि जिच्याविषयी हा सारा व्यवहार चालला होता तिच्या मौनाला लज्जा हे गोड नाव मिळाले.

याच विधीत सप्तपदीच्या सातव्या पावलाला वर वधूला सखी म्हणतो, हेही विसरता कामा नये. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या ७ व्या कलमानुसार जेथे रूढीने सप्तपदी आवश्यक आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विवाह पक्का होण्याचा क्षण आणि स्त्रीला सखी म्हणण्याचा क्षण एकच आहे. मग या सख्याने स्त्रीला समता का दिली नाही? त्याचे कारण क्रमात आहे. आधी तिचे दान झालेले असते आणि नंतर तिला सखी म्हटले जाते. जिला नुकतेच स्वीकारले तिला स्वीकारणाराच मैत्रीचे पद बहाल करतो, आणि असे बहाल केलेले पद त्याच्या मर्जीवर टिकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात हिंदू विवाह हा संस्कार असून तो गाणी, नाच आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे असे बजावले, ते बाजारू थाटाच्या विरोधात योग्यच होते. मात्र संस्कार पुरता पाळला म्हणजे त्यातील क्रमही न्याय्य ठरतो, असे त्यावरून समजण्याचे कारण नाही.

दान टाळून विवाह करण्याचा महाराष्ट्रातील पहिला संघटित प्रयत्न महात्मा जोतीराव फुले यांचा. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून विवाह लावले आणि जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वर आणि वधू यांना परस्परांशी बोलते केले. त्यांत वधू स्त्रीच्या हक्कांची मागणी करते आणि वराला तिचे उत्तर द्यावे लागते. वधूचा आवाज विधीचा भाग झाला तो येथे. नागपूरचा धम्मविवाह हा याच परंपरेचा पुढचा टप्पा आहे, फक्त त्याची शब्दकळा पाली साहित्यातून आली.

हा विधी सर्वत्र अगदी एकसारखा नसला तरी नागपुरात त्याची ठेवण ओळखीची आहे. मंडपात किंवा लॉनवरील व्यासपीठावर टेबलावर पांढरे वस्त्र अंथरून तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा मांडलेल्या असतात. मेणबत्ती आणि उदबत्ती लावून पुष्प अर्पण केले जाते. भंतेजी किंवा भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य त्रिशरण व पंचशील देतात. वधूवर बहुधा शुभ्र वस्त्रांत असतात. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळल्या जातात. या साऱ्याच्या मध्यभागी प्रतिज्ञा असतात. भंतेजी एकेक वाक्य सांगतात आणि आधी वर पाच व नंतर वधू पाच प्रतिज्ञा ध्वनिक्षेपकावर त्यांच्यामागून म्हणते. वधूचा आवाज पुष्कळदा बारीक असतो, पाहुण्यांची कुजबुज चालू असते, छायाचित्रकार मध्ये येतो, तरीही त्या पाच वाक्यांइतका वेळ भरमंडपात एक तरुण स्त्री प्रथमपुरुषी एकवचनात बोलते आणि तिच्या बोलण्यावाचून विवाह पुढे सरकत नाही. ज्या समाजाच्या स्त्रियांच्या शब्दाला गावाच्या चावडीवर किंमत नव्हती त्या समाजाने केलेला हा बदल किरकोळ नाही. धम्मविवाहाचे कोणतेही स्त्रीवादी परीक्षण या मान्यतेपासूनच सुरू झाले पाहिजे.

परंतु परीक्षण येथे थांबू शकत नाही, कारण बोलणे आणि बोलायला दिलेला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दहा प्रतिज्ञांचा उगम दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाचा तरुण गृहस्थ सिगाल पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असताना बुद्ध त्याला भेटतात आणि सांगतात की खऱ्या दिशा म्हणजे माणसामाणसांतील नाती होत: पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक आणि वरची दिशा म्हणजे श्रमण व ब्राह्मण. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंना कर्तव्ये आहेत, आणि कर्तव्य एकतर्फी नसते हा या सुत्ताचा मोठा नैतिक विचार आहे. पतीची पाच कर्तव्ये अशी: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिच्याकडे घरातील सत्ता सोपवणे आणि तिला अलंकार देणे. पत्नीची पाच अशी: घरकाम नीट व्यवस्थेने करणे, परिजनांचे आदरातिथ्य करणे, एकनिष्ठ राहणे, पतीने मिळवलेले सांभाळणे आणि सर्व कामांत दक्ष व निरलस असणे.

दोन्ही बाजूंना पाच कर्तव्ये आहेत म्हणून ती समान आहेत, असे विवाहप्रसंगीच्या भाषणांत नेहमी सांगितले जाते, आणि हे विधान तपासून पाहिले की टिकत नाही. एकनिष्ठतेची अट तेवढी दोघांना तंतोतंत सारखी आहे, आणि बहुपत्नीत्व रूढ असलेल्या काळात पुरुषाला ती अट घालणे हे फार मोठे पाऊल होते. उरलेल्या कर्तव्यांत पतीची बहुतेक कर्तव्ये कसे वागावे याविषयीची आहेत, तर पत्नीची बहुतेक कर्तव्ये काय काम करावे याविषयीची आहेत; तो सन्मान देतो आणि ती श्रम देते. सन्मान क्षणात देता येतो आणि तो दिला की नाही हे बहुधा देणाराच ठरवतो. श्रम मात्र रोज पहाटेपासून करावे लागतात आणि ते झाले की नाहीत हे घरातले सगळे पाहत असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. ही आकडेवारी सर्व धर्मांच्या भारतीयांची आहे. विधी बदललेल्या घरात स्वयंपाकघराची पाळी आपोआप बदलत नाही, हे ती बजावते, आणि ज्या प्रतिज्ञेत घरकाम हे फक्त वधूच्या तोंडी घातलेले आहे ती प्रतिज्ञा ही पाळी बदलायला मदतही करीत नाही.

सत्ता सोपवण्याचे चौथे कर्तव्य अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण धम्मविवाहाच्या समर्थनात तेच सर्वाधिक अभिमानाने सांगितले जाते. घराच्या किल्ल्या स्त्रीच्या हाती देणारा धर्म, असे त्याचे वर्णन होते. सत्ता सोपवणाऱ्याकडे ती आधी असावी लागते. ती त्याच्याकडे कोठून आली, याविषयी प्रतिज्ञा काहीच सांगत नाही. ती त्याची होती आणि त्याने उदारपणे दिली, एवढेच ती गृहीत धरते. युरोपातील एका प्रसिद्ध उदाहरणाशी हे ताडून पाहता येते. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८५१ मध्ये हॅरिएट टेलर हिच्याशी विवाह करताना लेखी निवेदन केले की विवाहाच्या कायद्याने पतीला पत्नीवर आणि तिच्या मालमत्तेवर जे अधिकार मिळतात ते आपल्याला मान्य नाहीत आणि आपण ते कधीही वापरणार नाही. मिलची नैतिक उंची निर्विवाद आहे. तरीही त्याच्या लक्षात आलेली अडचण अशी होती की कायदा ते अधिकार त्याच्याकडून काढून घेत नव्हता. तो न वापरण्याचा शब्द तेवढा देऊ शकत होता, आणि हॅरिएटचे स्वातंत्र्य त्या शब्दावर अवलंबून राहत होते. म्हणूनच १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथात त्याने चांगल्या पतींच्या भरवशावर न राहता कायद्यातील अधिसत्ताच काढून टाकण्याची मागणी केली. सोपवलेली सत्ता आणि मूळची समता यांत हा फरक आहे, आणि धम्मविवाहाच्या चौथ्या प्रतिज्ञेत तो पुसला जातो.

या ठिकाणी नागपूरच्याच इतिहासातील दुसरी तारीख आठवावी लागते. २० जुलै १९४२ रोजी येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया हजर होत्या. परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, तसेच गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या रजेची व निवृत्तिवेतनाची सोय व्हावी आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमल्या जाव्यात अशा आशयाचे ठराव केले. विवाह आणि मजुरी हे प्रश्न या स्त्रियांनी एकाच व्यासपीठावरून एका श्वासात मांडले, आणि हे समजण्यासाठी त्यांना कोणत्याही परदेशी सिद्धांताची गरज पडली नाही. एम्प्रेस मिलच्या शहरात दोन्ही प्रश्न त्यांच्या एकाच दिवसात येत होते. याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लग्न ही जबाबदारी आहे, ती मुलींवर घाईने लादू नका, आणि लग्न करणाऱ्या मुलीने पतीच्या पाठीशी उभे राहताना त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. त्यांच्या या उपदेशातील मैत्रीण आणि दासी ही जोडी पाली साहित्याच्या अभ्यासकाला लगेच ओळखू येते. अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिकाची सून सुजाता हिला बुद्ध पत्नीचे सात प्रकार सांगतात. त्यांत मातेसारखी, बहिणीसारखी, मैत्रिणीसारखी आणि दासीसारखी हे प्रकार येतात, आणि तू यांपैकी कोणती असे विचारल्यावर सुजाता उत्तर देते की आजपासून मला दासीसारखी पत्नी समजावे. सुत्त तेथेच संपते. बाबासाहेबांच्या मनात त्या दिवशी हे सुत्त होते असे म्हणण्याला आधार नाही, आणि तशी गरजही नाही. सुजाताला जे पर्याय दिले गेले त्यांतील नेमका मैत्रिणीचा पर्याय १९४२ मध्ये नागपूरच्या हजारो स्त्रियांसमोर ठेवला गेला, आणि पुढे चौदा वर्षांनी याच शहरात ज्या धम्माचा स्वीकार झाला त्याचा विवाहविषयक निकष या भाषणात आधीच सांगितला गेला होता, असे वाचणे न्याय्य आहे.

हा निकष घेऊन सिगालोवाद सुत्ताकडे परत गेले की एक विलक्षण गोष्ट दिसते. पत्नी पश्चिम दिशेला आहे आणि मित्र उत्तर दिशेला. मित्राप्रती जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत ती अशी: देणे, प्रिय बोलणे, त्याच्या हिताचे करणे, त्याला आपल्यासमान लेखणे आणि त्याची फसवणूक न करणे. चौथे कर्तव्य समानतेचे आहे, पाली संज्ञेत समानत्तता. पश्चिमेच्या यादीत पतीचे चौथे कर्तव्य सत्ता सोपवण्याचे आहे. म्हणजे ज्या सुत्ताने समानतेला स्पष्ट शब्द दिला त्यानेच तो मित्रासाठी राखून ठेवला आणि पत्नीच्या वाट्याला सोपवलेली सत्ता आली. मैत्रीच्या यादीत कोणी अलंकार देत नाही आणि कोणाच्या माथी घरकाम येत नाही; संकटात साथ न सोडणे, बेसावध असता त्याला आणि त्याच्या मालमत्तेला जपणे ही मित्रांची परतफेडीची कर्तव्ये दोघांपैकी कोणीही कोणासाठी करावीत अशी आहेत. पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे असे १९४२ चे भाषण सांगते, तेव्हा सुत्ताच्या भाषेत तिने पश्चिमेकडून उत्तरेकडे यावे असा त्याचा अर्थ होतो. धम्मविवाहाच्या प्रतिज्ञा मात्र आजही पश्चिमेच्या आहेत.

कर्तव्य चोख बजावले की नाते सुखाचे होते, हा विश्वास थेरीगाथेतील, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या गाथासंग्रहातील, इसिदासी हिने अडीच हजार वर्षांच्या परंपरेतूनच मोडून काढला आहे. उज्जैनच्या श्रेष्ठीची ही मुलगी साकेतच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली गेली. पाटलीपुत्रात, दुपारच्या भोजनानंतर, ती आपली कहाणी बोधी या दुसऱ्या थेरीला सांगते: सकाळ-संध्याकाळ सासूसासऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणे, नवऱ्याच्या नातेवाईकांना पाहताच आसन सोडणे, वेळेवर उठणे, हातपाय धुऊन नवऱ्यापुढे हात जोडून जाणे, फणी, काजळ आणि आरसा घेऊन दासीप्रमाणे त्याला सजवणे, भात शिजवणे, भांडी घासणे, आई एकुलत्या मुलाची करते तशी त्याची सेवा करणे. पत्नीच्या पाचही कर्तव्यांत काडीचीही कसर नाही, आणि तरीही नवरा आईवडिलांना सांगतो की हिच्याबरोबर मी एका घरात राहणार नाही; तिचा अपराध काय, याला त्याच्याकडे उत्तर नसते. पुढचे दोन विवाहही असेच मोडतात. गाथा याचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा मानला नाही, आणि त्यांच्या मार्गाने चालणाऱ्याला इसिदासीचे दुःख पूर्वजन्मावर ढकलता येत नाही; ते नात्याच्या रचनेतच शोधावे लागते. सेवा हेच नात्याचे सूत्र असले की सेवा करणारीच्या हाती नाते टिकवण्याची किंवा मोडण्याची कोणतीही शक्ती राहत नाही.

लोकप्रिय संस्कृतीत ही कहाणी जिवंत आहे. स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या ‘आई कुठे काय करते’ या मालिकेतील अरुंधती ही मध्यमवर्गीय घरातली इसिदासीच होय: पंचवीस वर्षांचा संसार, सासूसासरे, मुले, स्वयंपाक, आणि नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध उघड झाल्यावर आलेली पोकळी. या मालिकेने घटस्फोट आणि पुनर्विवाह घराघरांत बोलण्याचा विषय केला, याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. परंतु अरुंधतीला प्रेक्षकांची सहानुभूती मिळते ती तिच्या निष्कलंक सेवेमुळे. जिने सेवेत कसर केली, जी रागीट आहे, जिला घरकाम आवडत नाही, अशा स्त्रीलाही सन्मानाचा तेवढाच हक्क आहे, हे दूरचित्रवाणीला अजून सांगता आलेले नाही.

बौद्ध विवाह भारतभरच्या पडद्यावर ठसठशीतपणे आला तो २०२३ मध्ये, ‘मेड इन हेवन’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात. राधिका आपटे यांनी साकारलेली दलित प्राध्यापिका सासरच्या हिंदू विधीबरोबर आपला बौद्ध विधीही झाला पाहिजे असा आग्रह धरते आणि शुभ्र वस्त्रात बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लग्न करते. नागपूरपासून अमेरिकेपर्यंतच्या अनेक मराठी बौद्ध कुटुंबांना आपले लग्न पहिल्यांदाच पडद्यावर दिसले, आणि त्या दृश्याचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. तेथे नाट्य होते ते विधीला मान्यता मिळते की नाही याचे. विधीतील शब्द तपासण्याची ती वेळ नव्हती. ज्या समाजाला आपला विधी दाखवण्यासाठीच झगडावे लागते त्याच्याकडून त्या विधीची चिकित्सा मागणे हे बाहेरून सोपे असते आणि आतून जड जाते. ही चिकित्सा विरोधकांच्या हाती कोलीत देईल, अशी भीती वस्त्यांत बोलून दाखवली जाते आणि ती निराधार नाही. तरीही चिकित्सेला भिणारा धम्म बाबासाहेबांनी दिला नव्हता.

समाजाच्या स्वतःच्या गाण्यांत तर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीच्या परिसरातील स्टॉलवर पुस्तिका, दिनदर्शिका आणि भीमगीते यांचा जो प्रचंड व्यवहार होतो, त्याला ज्ञाननिर्मितीचे साधन म्हणून अभ्यासविश्वात प्रतिष्ठा मिळवून देण्यात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा वाटा मोठा आहे. या गीतांत बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाबाई, म्हणजेच रमाई, सर्वत्र आहेत: गोवऱ्या थापणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या, मुलांचे मृत्यू सोसणाऱ्या, साहेबांच्या अभ्यासासाठी झिजणाऱ्या. रमाबाईंचे सोसणे खरे होते आणि त्यापुढे नतमस्तक होणेही खरे आहे. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण करताना त्यांच्या मनाच्या थोरवीची आणि सोबत सोसलेल्या हालअपेष्टांची कृतज्ञ नोंद केली आहे. परंतु गाण्यांनी त्या सोसण्याचा आदर्श केला आणि आजच्या सुनेला तो मापदंड म्हणून दाखवला जाऊ लागला, तेव्हा १९४२ च्या भाषणातील मैत्रीण बाजूला पडून पुन्हा इसिदासी आणि सुजाता समोर आल्या. दुसरीकडे सविता आंबेडकर, ज्यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी नोंदणी पद्धतीने जातीबाहेर विवाह केला, ज्या डॉक्टर होत्या आणि ज्यांनी नागपुरात पतीच्या बरोबरीने उभे राहून दीक्षा घेतली, त्यांच्या वाट्याला पुढची कित्येक वर्षे संशय आणि एकटेपण आले. सोसणारी पत्नी माता झाली आणि सोबत उभी राहिलेली पत्नी परकी ठरली. हा निवाडा लोकमानसाने केला, आणि तो अन्यायाचा होता असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

विवाहाने स्त्रीची सामाजिक ओळख कशी उलटीपालटी होते, याची नागपूरचीच साक्ष कुमुद पावडे यांनी दिली आहे. संस्कृतात एम.ए. झालेल्या या दलित विदुषीने ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकात नोंदवले आहे की सोमकुवर या माहेरच्या नावाला जे दरवाजे बंद होते ते आंतरजातीय विवाहानंतर पावडे या नावाला उघडले. विद्या तीच, व्यक्ती तीच. बदलले ते फक्त पतीकडून आलेले आडनाव. जातीच्या निर्मूलनाचा खरा उपाय म्हणून बाबासाहेबांनी १९३६ मध्ये आंतरजातीय विवाह सांगितला होता, आणि कुमुदताईंनी तो आचरूनही दाखवला. पण त्या विवाहातही प्रतिष्ठा पतीच्या बाजूने पत्नीकडे वाहत आली, म्हणजे पुन्हा सोपवलीच गेली.

यावर असा आक्षेप घेता येतो की शब्द बदलून काय होणार? कॅरोल पेटमन या राजकीय तत्त्वज्ञ स्त्रीने १९८८ मध्ये दाखवून दिले की आधुनिक करारही, दोन समान पक्षांतला म्हणवून घेत, स्त्रीच्या अधीनतेवर उभा असू शकतो. आक्षेप खरा आहे. शब्द पुरेसे नसतात. पण ज्या समाजाने १९५६ मध्ये बावीस वाक्ये उच्चारून आपले सारे जीवन बदलायला घेतले, त्याला तरी प्रतिज्ञेचे शब्द क्षुल्लक असतात असे म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीच पतिपत्नींचा हा विनय, म्हणजे आचारनियम, घेतला आहे, आणि सासरी जाणाऱ्या मुलींनी नवऱ्याच्या आधी उठावे, नंतर निजावे, गोड बोलावे असा उग्गहाच्या मुलींना केलेला उपदेशही घेतला आहे. ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संकलित ग्रंथातील परंपरागत उपदेश एका बाजूला आणि स्त्रियांशी समोरासमोर बोलताना, घटस्फोटाच्या ठरावाच्या व्यासपीठावर, त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेला निकष दुसऱ्या बाजूला असेल, तर कोणता निकष कोणत्याला तपासील हे ठरवण्याचा अधिकार अनुयायांना आहे. हिंदू कोड बिल रेंगाळल्याच्या निषेधाचाही भाग म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या माणसाने तो कसा वापरला असता, याची कल्पना करणे कठीण नाही. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नये, हे कालामांना सांगितलेले वचन तर याच परंपरेचे आहे.

दोघांनी अगदी एकच वाक्य म्हणण्याची सोय देशाच्या कायद्यात आहेच. विशेष विवाह कायदा, १९५४ याच्या १२ व्या कलमानुसार वर आणि वधू नोंदणी अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर परस्परांना जे वाक्य म्हणतात त्यात पती आणि पत्नी एवढाच शब्दांचा फरक असतो. कोणी देत नाही, कोणी सोपवत नाही. धम्मविवाहाला हे कायद्याच्या रुक्ष भाषेत करण्याची गरज नाही, कारण त्याच्याकडे त्याच सुत्तातली, त्याच तथागताची, अधिक सुंदर भाषा तयार आहे. देणे, प्रिय बोलणे, हिताचे करणे, समान लेखणे आणि न फसवणे ही उत्तर दिशेची पाच कर्तव्ये घ्यावीत, त्यांच्यासोबत दोघांना सारखी असलेली एकनिष्ठतेची अट ठेवावी, घरकाम दोघांच्याही तोंडी घालावे किंवा कोणाच्याच नाही, आणि वर व वधू यांनी ही प्रतिज्ञा एकामागून एक न म्हणता एकत्र, एका आवाजात म्हणावी. यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. नागपूरच्या भंतेजींनी, बौद्धाचार्यांनी आणि विशेषतः यंदाच्या लग्नसराईत उभ्या राहणाऱ्या मुलींनी प्रतिज्ञेचा कागद आधी मागून घ्यावा, तो वाचावा आणि चौथे वाक्य बदलून घ्यावे.